त्रयस्थ मैदान

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने क्वचित आणि हातांनीच बहुधा पुढे न्यावयाचा. आणि वाटेत येईल त्याला अंगाच्या बळावर बाजूला सारावयाचे, असा तो दांडगा प्रकार आहे. ह्या खेळाचा जन्म कॉलेजांत झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या कॉलेजांचे विद्यार्थी एकमेकांशी खेळले, तो पहिला सामना मानतात. अर्थात त्या दिवशीचा खेळ आजच्या खेळाहून पुष्कळच निराळा होता. पुढे धंदेवाईक संघ निघाले आणि ते गडगंज श्रीमंत झाले. तथापि कॉलेजांच्या सामन्यांची ओढ काही ओसरली नाही. एरवी तीस-चाळीस हजार वस्तीचे शांत विद्यापीठाचे गाव शरद ऋतूतील एखाद्या शनिवारी ऐंशी-नव्वद हजार माणसांनी फुलून जाते. जुने विद्यार्थी मुलानातवंडांना घेऊन येतात, रस्त्यांतून वाद्यवृंद निघतात, आणि गावातील हॉटेले कितीतरी आधीच भरून गेलेली असतात.

असा सामना आपल्या गावी भरला म्हणजे तो 'घरचा सामना'. सर्वसाधारण प्रथा अशी की, दोन कॉलेजांनी पाळीपाळीने एकमेकांकडे जावयाचे. यंदा एक यजमान, पुढच्या वर्षी दुसरे. यजमानाच्या हाती तिकिटांचा मोठा वाटा राहतो, गावातील दुकानदारांचा हंगाम साधतो आणि क्रीडांगणात बहुसंख्य गळे आपल्या माणसांचे असतात. ह्या गळ्यांचे महत्त्व केवळ भावनेचे नाही. प्रत्येक चालीच्या आधी संघाच्या सूत्रधाराला आपल्या साथीदारांना सांकेतिक शब्द ओरडून सांगावे लागतात. प्रेक्षकांनी त्याच वेळी गदारोळ मांडला तर पाहुण्या संघाची घडी विस्कटते. मग इतका लाभ आणि इतका मान सोडून एखादे कॉलेज आपला घरचा सामना तिसऱ्याच गावी, त्रयस्थ मैदानावर, का नेते? आणि एकदा घराबाहेर पडलेला सामना परत आणावयाचा झाला तर काय किंमत मोजावी लागते? ॲलाबामा राज्यातील एका कॉलेजला त्यासाठी चाळीस वर्षे थांबावे लागले. त्या हकिकतीकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

आरंभीच्या काळात कॉलेजांजवळ प्रेक्षक बसविण्याजोगी मैदानेच नव्हती. मोकळे गवत, कडेला दोरी आणि चार लाकडी बाके, एवढाच सरंजाम. तेव्हा गर्दी जेथे मावेल तेथे सामना न्यावयाचा, हे ओघानेच आले. येल आणि प्रिन्स्टन ह्यांचा वार्षिक सामना नोव्हेंबरअखेर येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाच्या दिवशी न्यूयॉर्क शहरात होऊ लागला. हळूहळू तो त्या शहरातील धनिकांचा सोहळाच झाला. सजविलेल्या चार-चार घोड्यांच्या बग्ग्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून मैदानाकडे निघत. १८९३ साली प्रिन्स्टनने येलचा ६-० असा पराभव केला, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोक जमले होते. खेळणारी मुले दोन कॉलेजांची आणि उत्सव मात्र महानगराचा, ही विसंगती प्राध्यापकांना खुपू लागली. सणाच्या रात्री न्यूयॉर्कच्या नाटकगृहांतून विद्यार्थी जो धुमाकूळ घालीत, तोही त्यांच्या कानांवर येत होताच. ते शतक संपण्यापूर्वी हा सामना कॉलेजांच्या आवारात परतला.

हार्वर्ड आणि येल ह्यांनी दुसरा मार्ग धरला होता. १८८९ पासून ते दोघांच्या वाटेवरील स्प्रिंगफील्ड ह्या गावी हँपडेन पार्कवर खेळू लागले. कोणीच यजमान नाही आणि कोणीच पाहुणा नाही. तेव्हा भांडणाला जागा नाही, असा हिशेब असावा. तो साफ चुकला. १८९२ साली ह्याच मैदानावर हार्वर्डने पाचरीच्या आकारात धावत जाऊन प्रतिपक्षावर आदळण्याची ती कुप्रसिद्ध चाल प्रथम वापरली. आणि १८९४ च्या सामन्यात इतके खेळाडू जायबंदी झाले की वृत्तपत्रांनी त्याला रक्तपाताचे नाव दिले. त्यानंतर दोन वर्षे ह्या दोन कॉलेजांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. १८९७ साली सामना पुन्हा सुरू झाला तो हार्वर्डच्या घरी, केंब्रिज येथे. त्रयस्थ गावी माणसे अधिक सभ्यपणे वागतात, ह्या कल्पनेला स्प्रिंगफील्डने फारसा आधार दिला नाही. उलट, ज्या गावाशी दोघांपैकी कोणाचाच संबंध नाही तेथे यजमानधर्माची जबाबदारीही कोणावर राहत नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

सामने घरी परतले ते टिकले मात्र सिमेंटच्या जोरावर. हार्वर्डने १९०३ साली काँक्रीटचे प्रचंड स्टेडियम उभारले. येलने जमीन खणून, तीच माती कडेने रचून वाडग्याच्या आकाराचे क्रीडांगण केले आणि १९१४ च्या नोव्हेंबरात हार्वर्डशी सामना खेळूनच त्याचे उद्घाटन केले. येलचा ३६-० असा धुव्वा उडाला, हा भाग वेगळा. वाडग्याला इंग्रजीत 'बाऊल' म्हणतात. पुढे तशाच आकाराची क्रीडांगणे इतरत्र झाली आणि महत्त्वाच्या सामन्यांच्या नावांनाच तो शब्द चिकटला.

लष्कर आणि नौदल ह्यांच्या विद्यालयांची गोष्ट ह्याहून चमत्कारिक आहे. वेस्ट पॉइंट येथे भूसेनेचे अधिकारी घडतात, ॲनापोलिस येथे आरमाराचे. १८९० ते १८९३ ही चार वर्षे त्यांचे सामने पाळीपाळीने एकमेकांच्या घरी झाले. चौथ्या सामन्यानंतर एक ॲडमिरल आणि एक जनरल हातघाईवर येऊन द्वंद्वाची भाषा बोलू लागले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, प्रकरण अध्यक्ष क्लीव्हलंड ह्यांच्या मंत्रिमंडळापुढे गेले. त्यावर १८९४ साली दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी जो हुकूम काढला, त्याला सरकारी चातुर्याचा नमुना म्हटले पाहिजे. सामने बंद करण्यात आले नाहीत. इतर संघांनी वेस्ट पॉइंटला किंवा ॲनापोलिसला खुशाल यावे, मात्र ह्या दोन संघांनी आपले आवार सोडून कोठेही जाऊ नये, एवढेच त्यात होते. दोघेही घरीच बसून राहिल्यावर त्यांची गाठ पडणार कशी? पाच वर्षे पडली नाही. १८९७ साली नौदल खात्याचे दुय्यम मंत्री थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी युद्धमंत्र्यांना पत्र लिहून सामना पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. १८९९ साली तो सुरू झाला तो दोघांच्याही घरी नव्हे, तर मध्यावर असलेल्या फिलाडेल्फिया शहरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या फ्रँकलिन फील्डवर. तेव्हापासून काही अपवाद वजा जाता हा सामना त्रयस्थ मैदानावरच होत आला आहे, आणि बहुतेक वेळा फिलाडेल्फियातच. १९२६ साली शिकागोच्या सोल्जर फील्डवर त्यासाठी लाखावर प्रेक्षक लोटले आणि सामना २१-२१ असा बरोबरीत सुटला. १९८३ साली तर तो पार पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे, पॅसाडेना येथे नेण्यात आला होता.

युद्धामुळे ह्या सामन्याला दोन वर्षांपुरते घर परत मिळाले. १९४२ साली पेट्रोलची टंचाई होती, अनावश्यक प्रवासावर निर्बंध होते. म्हणून सामना ॲनापोलिसला ठेवण्यात आला. दहा मैलांच्या परिसरातील लोकांनाच प्रवेश होता. वेस्ट पॉइंटचे विद्यार्थी येऊ शकत नव्हते. तेव्हा नौदलाच्या निम्म्या विद्यार्थ्यांना हुकूम सुटला की त्यांनी भूसेनेच्या संघामागे बसावे आणि शत्रुपक्षाच्या नावाने जयघोष करावा. शिस्तीच्या मुलांनी तो इमानाने केलाही. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटने ह्या सौजन्याची परतफेड तशीच केली. १९४४ साली सामना पुन्हा बाहेर पडून बाल्टिमोरला गेला. तिकीट हवे असेल त्याने युद्धरोखे विकत घ्यावेत अशी अट होती, आणि त्यातून पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. राष्ट्राच्या दोन सैन्यदलांचा हा सामना. त्याला विशिष्ट गाव नसले तरी कोणाला वाईट वाटत नाही. तो साऱ्या देशाचा समजला जातो. दोन्ही पक्षांनी सारखाच त्याग केला असला म्हणजे त्रयस्थ मैदान सुखाने नांदते, ते असे.

ॲलाबामात त्याग सारखा नव्हता.

त्या राज्यात दोन मोठी सरकारी विद्यापीठे आहेत. टस्कलूसा गावचे ॲलाबामा विद्यापीठ १८३१ साली उघडले. वकील, डॉक्टर आणि राजकारणी तेथून निघावयाचे. दुसरे ऑबर्न गावी. १८७२ पासून ते शेतकी आणि यंत्रविद्येचे सरकारी कॉलेज म्हणून चालले आणि ऑबर्न विद्यापीठ हे नाव त्याने १९६० साली धारण केले. टस्कलूसाची मंडळी त्याला 'गाईगुरांचे कॉलेज' म्हणून हिणवीत. दोघांचा पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्मिंगहॅम शहरात झाला आणि तो ऑबर्नने ३२-२२ असा जिंकला. १९०७ चा सामना ६-६ असा सुटला. पुढच्या वर्षीच्या अटी ठरविताना वाद उपस्थित झाला. ऑबर्नला बावीस खेळाडूंसाठी दरमाणशी दररोज साडेतीन डॉलर भत्ता हवा होता; ॲलाबामा वीस खेळाडूंना तीन डॉलरांप्रमाणे द्यावयास तयार होते. दोन दिवसांचा हिशेब केला तर फरक चौतीस डॉलरांचा. पंच कोठून आणावा ह्यावरही एकमत होईना. वर्ष निघून गेले, मग आणखी एक गेले; आणि एकाच राज्यातील ही दोन विद्यापीठे एकेचाळीस वर्षे एकमेकांशी खेळली नाहीत. चौतीस डॉलरांकरिता एवढा दीर्घ अबोला कोणी धरीत नाही, हे उघड आहे. भत्ता हे निमित्त होते. खरा प्रश्न कोणी कोणापुढे नमावयाचे हा होता.

अखेर राज्याच्या विधानसभेने ह्यात लक्ष घातले. १९४७ साली प्रतिनिधिगृहाने ठराव करून दोन्ही संस्थांना पुन्हा क्रीडासंबंध जोडण्याची विनंती केली. ही विनंतीच होती. पण अनुदानाची दोरी कोणाच्या हाती आहे, हे दोन्ही विद्यापीठांचे अध्यक्ष विसरले नसावेत. १९४८ साली गॅलली आणि ड्रॉन ह्या दोन अध्यक्षांनी तह केला. सामना बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर व्हावा, तिकिटे निम्मी-निम्मी वाटून घ्यावीत, आणि नावापुरते यजमानपद आलटून पालटून असावे, असे ठरले. ४ डिसेंबर १९४८ च्या सकाळी शहरातील एका उद्यानात दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थिप्रतिनिधींनी खड्डा खणून एक कुऱ्हाड खरोखरीच पुरली. तेथील आदिवासी जमाती तह करताना शस्त्र पुरीत, त्याची ही नक्कल. दुपारी ॲलाबामाने ऑबर्नला ५५-० असे लोळविले.

बर्मिंगहॅम हे लोखंडाचे शहर. कोळसा, चुनखडी आणि लोहखनिज ही तिन्ही जवळपास सापडल्यामुळे १८७१ नंतर ते इतक्या झपाट्याने वाढले की त्याला 'जादूचे शहर' म्हणू लागले. शहराच्या टेकडीवर रोमन लोकांच्या लोहारदेवाचा, व्हल्कनचा, छप्पन्न फूट उंचीचा बिडाचा पुतळा उभा आहे. ह्याच लोखंडावरून ॲलाबामा-ऑबर्न सामन्याला पुढे 'आयर्न बाऊल' असे नाव पडले. लीजन फील्ड १९२७ साली बांधलेले. १९४८ मध्ये तेथे चव्वेचाळीस हजार माणसे बसत. तेवढी जागा टस्कलूसालाही नव्हती, आणि ऑबर्नचे स्टेडियम तर १९३९ साली उघडले तेव्हा जेमतेम साडेसात हजारांचे होते. तेव्हा त्या साली केलेली निवड अन्यायाची होती, असे म्हणता येत नाही. ज्याच्या घरात पाहुण्यांना बसावयास जागा नाही, त्याने कार्यालय घेणे शहाणपणाचेच.

पण हे कार्यालय खरोखर त्रयस्थ होते का? टस्कलूसाहून बर्मिंगहॅम साठ मैलांच्या आत. ऑबर्नहून ते शंभर मैलांपेक्षा दूर. ॲलाबामा विद्यापीठ आपले इतरही कित्येक मोठे 'घरचे' सामने दरवर्षी ह्याच मैदानावर खेळे. तेथील हिरवळ, तेथील खोल्या, तेथील वारा, सारे त्याच्या अंगवळणी पडलेले. ज्या वर्षी यजमानपद ऑबर्नकडे असे त्या वर्षीही ऑबर्नचा विद्यार्थी आपल्याच कॉलेजचा घरचा सामना पाहण्यासाठी परगावी जाई आणि तेथे निम्मे प्रेक्षक विरुद्ध पक्षाचे पाही. ऑबर्न गावात त्या दिवशी शुकशुकाट. कागदावर समान असलेली वाटणी व्यवहारात एकाच्या पदरात अधिक घालीत होती.

आपल्याकडील क्रिकेटच्या शौकिनांना ह्यावरून २०१६-१७ च्या हंगामाची आठवण होईल. त्या वर्षी रणजी करंडकाचे सारे सामने त्रयस्थ मैदानांवर खेळविण्यात आले. मुंबई आणि गुजरात ह्यांचा अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला आणि गुजरातने प्रथमच करंडक पटकाविला. यजमान संघ खेळपट्टी आपल्या सोयीची करून घेतो, ही त्यामागची तक्रार होती. औषध रोगापेक्षा भारी पडले. पुढच्याच हंगामात घरची मैदाने परत आली. तेथे प्रश्न मातीचा होता. ॲलाबामातील प्रश्न मातीचा नव्हता, माणसांचा होता.

ऑबर्नने तोंडाने तक्रार फारशी केली नाही, विटा रचल्या. बैठका वाढवीत वाढवीत १९७० पर्यंत त्याचे स्टेडियम साठ हजारांवर गेले, आणि जसजशी जागा झाली तसतसे बाहेर गेलेले सामने एकेक करून घरी येऊ लागले. जॉर्जिया विद्यापीठ १९६० साली ऑबर्नला आले. जॉर्जिया टेक १९७० साली आले. टेनेसी १९७४ साली आले. राहिले एकटे ॲलाबामा. तेथे १९५८ पासून पॉल ब्रायंट ह्या प्रशिक्षकाचे राज्य होते. उंचापुरा, घोगऱ्या आवाजाचा हा माणूस हयातीतच दंतकथेचा विषय झाला होता. १९७३ ते १९८१ ह्या नऊ वर्षांत ऑबर्नला ॲलाबामाविरुद्ध एकही विजय मिळाला नाही. अशा स्थितीत सामन्याचे ठिकाण बदलण्याची भाषा करणाराला कोण विचारतो?

१९८१ साली पॅट डाय हे ऑबर्नचे प्रशिक्षक आणि क्रीडाप्रमुख झाले. गंमत अशी की, ते ब्रायंट ह्यांच्याच हाताखाली टस्कलूसात कित्येक वर्षे सहायक होते. हा सामना ऑबर्नला न्यावयाचा, हे त्यांनी आल्याबरोबर मनाशी पक्के केले. आपल्या हयातीत ते होणे नाही, असे ब्रायंट ह्यांनी बजावले आणि आपण काही कायमचे प्रशिक्षक राहणार नाही असे उत्तर शिष्याने दिले, ही कथा डाय सांगत असत. १९८२ च्या सामन्यात ऑबर्नने २३-२२ अशी एका गुणाने बाजी मारली. तोच ब्रायंट ह्यांचा ऑबर्नशी शेवटचा सामना ठरला. जानेवारी १९८३ मध्ये ते वारले. त्यांचे वारस रे पर्किन्स ह्यांनीही सामना हलणार नाही असे जाहीरपणे सांगितले. पण १९८७ साली ऑबर्नच्या स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांची सोय झाली आणि जागेचा मुद्दा निकालात निघाला. लीजन फील्डहूनही ते आता मोठे होते.

विरोधकांची बाजू अगदीच पोकळ होती असे मानू नये. बर्मिंगहॅम शहराचे उत्पन्न बुडणार होते, हा मुद्दा व्यापाराचा. दुसरा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा होता. अर्धे स्टेडियम एका रंगाचे आणि अर्धे दुसऱ्या रंगाचे, प्रत्येक चालीला कोणत्या ना कोणत्या बाजूने आरोळी उठावयाचीच, असे दृश्य अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी दिसते. टेक्सस आणि ओक्लाहोमा ह्या विद्यापीठांचा डॅलसच्या जत्रेतील सामना तसाच आहे, आणि तो तेथून हलवावा असे सहसा कोणी म्हणत नाही. बर्मिंगहॅमची ती वार्षिक जत्रा मोडली म्हणजे राज्यातील लोकांना समोरासमोर बसविणारे एक ठिकाण जाणार होते. तेही खरे. परंतु जत्रा टिकविण्याचा खर्च एकाच पाहुण्याने किती वर्षे सोसावा?

शेवटी तडजोड झाली. १९८९ चा सामना ऑबर्नला. १९९१ चा ऑबर्नचा घरचा सामना पुन्हा एकवार बर्मिंगहॅमला. आणि १९९३ पासून तो कायमचा ऑबर्नला. २ डिसेंबर १९८९ रोजी ॲलाबामाचा संघ त्या गावी प्रथमच खेळावयास आला. तो त्या हंगामात अजिंक्य होता, देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. तेहतीस-चौतीस हजार वस्तीच्या त्या गावात ८५,३१९ प्रेक्षक स्टेडियममध्ये बसले. तिकिटे न मिळालेले कित्येकजण नुसते त्या दिवशी गावात असावे म्हणून आले होते. खेळाडू वसतिगृहातून स्टेडियमकडे पायी जातात, त्या वाटेवर दुतर्फा हजारो माणसे उभी होती आणि त्यांतील वृद्ध माणसे रडत होती. ऑबर्नने सामना ३०-२० असा जिंकला. बर्लिनची भिंत कोसळून तेव्हा महिनाही झाला नव्हता. डाय ह्यांनी त्या दिवशीच्या दृश्याला तिचीच उपमा दिली. खेळातील गोष्टीला ही उपमा फार मोठी आहे, आणि बर्लिनच्या नागरिकांना ती कितपत रुचली असती हे सांगणे कठीण. तथापि त्या वृद्धांपैकी कित्येकांनी १९४८ चा ५५-० हा आकडा स्वतः पाहिला असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे उपमा देणाराचा राग येत नाही. मैदान बदलल्यामुळेच विजय मिळाला असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. १९४९ साली ऑबर्नने लीजन फील्डवरच १४-१३ अशी सरशी केली होती. १९७२ आणि १९८२ मध्येही केली होती.

ॲलाबामाने आपल्या वाट्याचे सामने १९९८ पर्यंत बर्मिंगहॅमलाच ठेवले. मग त्याचेही स्टेडियम मोठे झाले, आणि बर्मिंगहॅमला जाण्याचे कारण उरले नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात, १९०१ नंतर प्रथमच, ऑबर्नचा संघ टस्कलूसात उतरला आणि थंडीपावसात ९-० असा जिंकून गेला. ज्याने घरी येण्यास इतकी वर्षे नकार दिला त्याच्याही घरचा पहिला मान पाहुण्यानेच नेला, असे ऑबर्नची मंडळी मोठ्या चवीने सांगतात.

आता पैशाचे वारे उलट दिशेनेही वाहते. नोत्र दाम विद्यापीठाने २००९ पासून आपल्या घरच्या सामन्यांपैकी एखादा मुद्दाम दूरच्या शहरी नेण्याचा परिपाठ सुरू केला. पहिला टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे झाला, दुसरा न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर. देशभर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या दारी विद्यापीठ जाते, असे त्याचे समर्थन करतात. दूरचित्रवाणीचे उत्पन्न आणि नव्या विद्यार्थ्यांची भरती ह्यांचा उल्लेख अर्थातच हळू आवाजात होतो. त्याच नोत्र दामशी नौदलाचा सामना १९२७ पासून चालत आला आहे. पण नौदल यजमान असले तरी तो ॲनापोलिसला कधीच झालेला नाही. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, इतकेच काय, समुद्रापलीकडे आयर्लंडमधील डब्लिन येथेही तो झाला आहे. नौदलाला त्याची खंत नाही. तो निर्णय त्याचा स्वतःचा आहे, दुसऱ्याने लादलेला नाही.

लीजन फील्डचे पुढे काय झाले? ॲलाबामा विद्यापीठ २००३ नंतर तेथे खेळावयास आले नाही. वरचा मजला धोक्याचा ठरला आणि उतरविण्यात आला. बर्मिंगहॅममधील विद्यापीठाचा संघही २०२१ साली नव्या स्टेडियमकडे निघून गेला. पण ते मैदान ओस पडलेले नाही. ज्या काळात टस्कलूसा आणि ऑबर्न ह्यांची दारे काळ्या विद्यार्थ्यांना बंद होती (ती १९६३ आणि १९६४ साली न्यायालयांच्या हुकमाने उघडली), त्या काळापासून राज्यातील कृष्णवर्णीयांची दोन विद्यापीठे, ॲलाबामा ए अँड एम आणि ॲलाबामा स्टेट, आपला वार्षिक सामना बर्मिंगहॅममध्ये खेळत आली आहेत. ॲलाबामा स्टेटने २०१२ साली माँटगोमेरीत स्वतःचे नवे स्टेडियम बांधले, तरीही हा सामना तेथे नेला नाही. दरवर्षी ऑक्टोबरअखेर सकाळी शहरातून मिरवणूक निघते, मैदानाभोवती तंबू पडतात, चुली पेटतात, कुटुंबेच्या कुटुंबे दोन दिवस आधी येऊन राहतात. आणि लीजन फील्डच्या उरलेल्या बैठका त्या शनिवारी भरून जातात.